‘द बेअर’ पाहताना खाण्यापिण्याचे आणि शिकागोचे कोणते संदर्भ आधी माहीत असावेत?

आडवाट:

‘द बेअर’ ही अमेरिकन मालिका मी नुकतीच जिओहॉटस्टारवर पाहायला घेतली आहे. जगातल्या नामांकित रेस्टॉरंटांत काम केलेला कार्मी नावाचा तरुण शेफ थोरल्या भावाच्या आत्महत्येनंतर शिकागोला परततो आणि भावाने मागे ठेवलेले, कर्जात बुडालेले सँडविचचे दुकान चालवू लागतो, एवढे पहिल्या दोन भागांत समजले. मात्र इंग्रजी नीट कळत असूनही बरेचसे प्रसंग डोक्यावरून जात आहेत. एका सँडविचवरून माणसे इतकी हमरीतुमरीवर का येतात, स्वयंपाकघरात सगळे जण सतत ओरडत असतात ते शब्द कोणते, आणि मध्येच येणाऱ्या नावांना तिथले प्रेक्षक हसत असतील तर ते नेमके कशाला, याचा पत्ता लागत नाही.

मला सगळ्या संदर्भांचा कोश नको आहे. कोणत्या चार-पाच गोष्टी माहीत असल्या की बाकीचे आपोआप उलगडत जाईल, असा सल्ला हवा आहे. माझे सासू-सासरे शुद्ध शाकाहारी आहेत, पण पाककृतींचे कार्यक्रम आवडीने पाहतात. त्यांच्यासोबत ही मालिका पाहता येईल का, तेही सांगावे. रसभंग शक्यतो टाळावा, आणि टाळता येत नसेल तर तशी सूचना आधी द्यावी.

नेपरव्हिलकर:

बरीच वर्षे शिकागोच्या उपनगरात राहत असल्यामुळे सँडविचचा प्रश्न मी घेतो, कारण माझ्या मते पहिल्या पर्वाचे कुलूप त्याच किल्लीने उघडते.

मालिकेतले ते सँडविच म्हणजे ‘इटालियन बीफ’. नावात इटालियन असले तरी ते इटलीत मिळत नाही. तो अस्सल शिकागोचा पदार्थ आहे. या शहरात १८६५ पासून १९७१ पर्यंत युनियन स्टॉक यार्ड्स हा प्रचंड मोठा गुरांचा बाजार आणि त्याला लागून कत्तलखाने होते. चांगले मांस हॉटेलांत आणि सुखवस्तू घरांत जाई. चिवट आणि स्वस्त भाग कामगारवस्तीच्या वाट्याला येत. इटालियन स्थलांतरितांनी ते चिवट मांस मसालेदार पाण्यात मंद आचेवर तासन्‌तास भाजून, मग कागदासारखे पातळ कापून, त्याच पाण्यात पुन्हा बुडवून पावात भरायला सुरुवात केली. लग्नाच्या जेवणात थोड्या मांसावर पुष्कळ पाहुण्यांची सोय व्हावी म्हणून ही युक्ती निघाली, अशी तिची कथा इथे सांगितली जाते. १९३८ पासून चालत आलेले ‘अल्स’ हे दुकान आजही आहे. थोडक्यात, ही गरिबीतून आणि काटकसरीतून आलेली चव आहे, आणि म्हणूनच कोणी परदेशी शिकून आलेला मुलगा तिला हात लावू लागला की जुन्या माणसांचे पित्त खवळते.

आता खिडकीशी उभे राहून जे बोलले जाते त्याविषयी. ‘हॉट’ म्हटले तर सँडविचवर जार्डिनेरा घालतात, म्हणजे फ्लॉवर, गाजर, सेलरी आणि तिखट मिरच्यांचे तेलातले लोणचे. ‘स्वीट’ म्हटले तर भाजलेली हिरवी ढोबळी मिरची. ‘ड्राय’ म्हणजे रस निथळून, ‘वेट’ म्हणजे वरून थोडा रस सोडून आणि ‘डिप्ड’ म्हणजे भरलेला अख्खा पाव चिमट्याने धरून रसात बुचकळून. बुचकळलेले सँडविच बसून खाताच येत नाही. माणसे काउंटरवर दोन्ही कोपरे टेकतात, पाय मागे घेतात, कंबरेत वाकतात आणि कागद उलगडून तोंड पुढे नेतात, म्हणजे रस शर्टावर न पडता कागदावर पडतो. दुपारी अशा दुकानात शिरलात तर ओळीने पाठीच दिसतात. त्यात सुटातला वकील असतो, तसा रस्ता खणणारा मजूरही असतो.

मालिकेतल्या दुकानाचे बाहेरचे चित्रण ज्या ‘मिस्टर बीफ’ नावाच्या खऱ्या दुकानाशी झाले आहे ते रिव्हर नॉर्थ भागात, ऑर्लीन्स स्ट्रीटवर १९७९ पासून आहे, आणि मालिकेचे निर्माते ख्रिस्तोफर स्टोरर यांची त्या दुकानमालकाच्या मुलाशी जुनी मैत्री आहे. हा भाग एके काळी गोदामांचा आणि कारखान्यांचा होता. आता तिथे महागड्या सदनिका आणि कलादालने आहेत. दुकानात काम करणारा, थोरल्या भावाचा मित्र रिची वस्ती बदलल्याची सारखी कुरकुर करतो, ती हीच. त्याला वेडगळ समजून सोडून देऊ नका, कारण दुकान सुधारायचे म्हणजे मेलेल्या मित्राच्या खुणा पुसायच्या का, हा त्याचा प्रश्न आहे आणि तो खोटा नाही.

एक गोष्ट मात्र मालिकेने पदरची घातली आहे. तपासणीनंतर दुकानाला ‘सी’ श्रेणी मिळते, असे त्यात दाखवले आहे. प्रत्यक्षात शिकागोत अक्षरांच्या श्रेणी नसतात. उत्तीर्ण, अटींसह उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण एवढेच निकाल लागतात.

भटारखाना:

हॉटेल मॅनेजमेंट करून पंचतारांकित हॉटेलांच्या किचनमध्ये काम केले आहे, त्यामुळे ओरडण्याचा प्रश्न माझ्याकडे घेतो. तुम्हाला जे भांडण वाटते आहे त्यातले निम्मे भांडण नसून रहदारीचे नियम आहेत.

अरुंद जागेत उकळते भांडे घेऊन कोणाच्या पाठीमागून जायचे असेल तर ‘बिहाइंड’, वळणावर आंधळेपणाने कोणावर आदळू नये म्हणून ‘कॉर्नर’, हातात सुरी असेल तर ‘शार्प’. ताटल्या तयार झाल्या आणि त्या न्यायला माणूस हवा असला की ‘हँड्स’. ‘फायर’ म्हणजे आता तो पदार्थ शिजवायला घ्या. ‘ऑल डे’ म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या मिळून त्या पदार्थाच्या एकूण किती प्लेटा लागणार तो आकडा. ‘एटी-सिक्स’ म्हणजे तो पदार्थ संपला, आता त्याची ऑर्डर घेऊ नका. आणि ‘हर्ड’ म्हणजे ऐकले. हा शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा, कारण ज्या क्षणी कोणी ‘हर्ड’ म्हणायचे थांबते त्या क्षणापासून गोंधळ सुरू होतो, आणि दिग्दर्शक तो शब्द मुद्दाम गाळून पुढच्या अनर्थाची चाहूल देतो. आपल्याकडे केओटी (किचन ऑर्डर तिकीट) म्हणतात त्या मागणीच्या चिठ्ठीच्या छोट्या यंत्राचा आवाज मालिकेत सारखा येतो. पहिल्या पर्वाच्या सातव्या भागात ऑनलाइन आगाऊ मागण्यांची नोंदणी चुकून चालू राहते आणि ते यंत्र थांबायचे नावच घेत नाही. सुमारे वीस मिनिटांचा तो भाग बहुतेक एकाच सलग चित्रणात घेतला आहे. किचनमध्ये काम केलेल्या माणसाच्या पोटात त्या आवाजाने गोळा येतो, एवढे अनुभवाने सांगतो.

सगळे जण एकमेकांना ‘शेफ’ म्हणतात, त्यालाही कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्त एस्कोफिये या फ्रेंच आचाऱ्याने मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात लष्करासारखी उतरंड लावली. कोणी सॉसचा, कोणी मासळीचा, कोणी भाज्यांचा, आणि सर्वांवर एक प्रमुख. सिडनी ही नवी मुलगी तीच व्यवस्था या कळकट दुकानात आणू पाहते. इथे कार्मी भांडी घासणाऱ्यापासून सर्वांना ‘शेफ’ म्हणतो, म्हणजे उतरंडही ठेवतो आणि मानही सर्वांना सारखा देतो. टीना ही जुनी स्वयंपाकीण सुरुवातीला त्याला मुद्दाम ‘जेफ’ म्हणते, ती खोडी आहे. ती कधी आणि कशी थांबते याकडे लक्ष ठेवा.

आणखी दोन बारीक गोष्टी आहेत. ही मंडळी पाणी पितात ते पेल्यातून नव्हे, तर आमटी-सॉस साठवायच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यांतून. व्यावसायिक किचनमध्ये सर्वत्र तसेच असते. आणि डब्यावर तारीख लिहिलेली चिकटपट्टी हाताने न फाडता कात्रीने सरळ कापलेली असते. फाटकी कडा दिसली तर महागड्या किचनमध्ये बोलणी खावी लागतात. कार्मी त्या पट्टीवरून चिडतो तेव्हा तो विक्षिप्त नसतो, त्याच्यावर तसे संस्कार झालेले असतात.

आडवाट:

दोघांचेही मनापासून आभार. दोन भाग पुन्हा पाहिले आणि ‘डिप्ड’ ऐकताच समजले की गिऱ्हाईक काय मागते आहे. आता दोन उपप्रश्न आहेत. सिडनी आपण ‘सीआयए’मध्ये होतो असे सांगते, तो विनोद आहे का? आणि कार्मी अधूनमधून ज्या सभेत जाऊन बसतो ती व्यसनमुक्तीची असेल तर तो स्वतः व्यसनी असल्याचे कुठे दाखवलेले नाही, त्याचे काय?

भटारखाना:

ती गुप्तहेर खात्यात नव्हती. क्युलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही १९४६ साली स्थापन झालेली पाकशिक्षणाची नामवंत संस्था आहे आणि तिचीही आद्याक्षरे तीच. तिथले शिक्षण महाग असते, त्यामुळे ते नाव घेतले की मुलगी शिकलेली आहे आणि तरीही या दुकानात नोकरी मागते आहे, हे दोन्ही एका शब्दात कळते.

ती सभा अल-अॅनॉनची आहे. ती व्यसनी माणसांसाठी नसून त्यांच्या घरच्यांसाठी असते, आणि ही संघटना १९५१ पासून काम करते. कार्मी तिथे भावामुळे जातो. हा फरक माहीत नसेल तर पहिल्या पर्वाच्या अखेरीस तो तिथे सलग काही मिनिटे जे बोलतो त्याचा रोख चुकतो.

नेपरव्हिलकर:

त्याला जोडून आणखी एक. रिची आणि कार्मी एकमेकांना ‘कझिन’ म्हणतात, पण त्यांचे रक्ताचे नाते नाही. रिची थोरल्या भावाचा जिवलग मित्र आहे. आपल्याकडे वडिलांच्या मित्राला काका म्हणतात त्यात आदर असतो. इथे मात्र तो शब्द प्रेमाने, रागाने, टोमण्याने, विनवणीने, कसाही फेकला जातो. तो कोणत्या सुरात आला आहे तेवढे ऐकले तरी त्या क्षणी दोघांचे कसे चालले आहे ते समजते.

वसईकरीण:

(पुढे दुसऱ्या पर्वाच्या सहाव्या भागाचा रसभंग आहे.)

आडवाट यांनी अजून विचारलेले नाही, पण विचारतील, म्हणून आधीच लिहून ठेवते. दुसऱ्या पर्वातला ‘फिशेस’ हा तासाभराहून लांब भाग नाताळच्या आदल्या रात्रीचा आणि काही वर्षांपूर्वीचा आहे. त्यात कार्मीची आई, म्हणजे जेमी ली कर्टिस, एकटीने सात प्रकारची मासळी रांधत असते आणि घर पाहुण्यांनी भरलेले असते. मी वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबातली आहे, त्यामुळे यातला धार्मिक भाग मला घरच्यासारखा वाटला.

पूर्वीच्या चर्चच्या नियमानुसार मोठ्या सणांच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे. नाताळची पूर्वसंध्या त्यांपैकी एक होती. मासळी मांसात धरत नसत, म्हणून ती चाले. दक्षिण इटलीतल्या किनारी, गरीब भागांतून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी हा उपास तिथे नेला आणि हाती चार पैसे आल्यावर त्याचे रूप असे काही पालटले की, खारवलेला कॉड, माकुल, शिंपल्या, कोळंबी असे सात-सात प्रकार ताटात येऊ लागले. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरे काय. सातच का, याची उत्तरे अनेक आहेत. कोणी सात संस्कारांचा दाखला देते, कोणी सृष्टीच्या सात दिवसांचा, पण ठाम कोणतेच नाही. खुद्द इटलीत ही ‘सात मासळ्यांची मेजवानी’ त्या नावाने फारशी ओळखली जात नाही.

आता हा संदर्भ कशासाठी माहीत असावा ते सांगते. त्या रात्री घरचा जावई पीट भोळेपणाने ट्यूना मासळीचे कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) घेऊन येतो आणि ते पाहताच घरातल्यांच्या तोंडचे पाणी पळते. ज्याला सात आकड्याचे माहात्म्य ठाऊक नाही त्याला वाटेल की, पाहुण्याने डबा आणला त्यात एवढे काय बिघडले? पण ही आठवी मासळी आहे. ज्या बाईने सातांचे गणित जिवावर उदार होऊन जमवले आहे, जिच्या ओट्यावर चारी बाजूंनी गजर वाजत आहेत, जिच्या पेल्यातली वाइन संपत नाही, तिच्यासमोर हा डबा ठेवणे म्हणजे तुझे केलेले पुरेसे नव्हते असे सांगण्यासारखे आहे. प्रसंग हसवतो आणि त्याच वेळी भीतीही वाटते. तिला ‘बरी आहेस ना?’ असे विचारलेले का चालत नाही, तेही तिथेच उलगडते. सणाच्या दिवशी ओट्याशी एकट्या राबणाऱ्या बाईच्या मनात काय चालते, हे आपल्या घरांतल्या प्रेक्षकांना समजावून सांगावे लागणार नाही.

हा भाग सासू-सासऱ्यांसोबत पाहू नये, असे माझे मत आहे. जेवणाच्या टेबलावरचे भांडण सहन होण्यापलीकडचे आहे.

मितभाषी:

वरचे सगळे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. माझा सल्ला मात्र उलटा आहे. आधी काहीही न वाचता पाहावे. आपणही त्या किचनमध्ये नवे आहोत, आपल्यालाही काही कळत नाही आणि अंगावर नुसता आवाज येतो आहे, हा गोंधळ पहिल्या दोन-तीन भागांत दिग्दर्शकाला हवाच आहे. सिडनीही पहिल्या दिवशी अशीच गोंधळलेली असते. शब्दांची यादी पाठ करून बसलात तर तो अनुभव हरवेल.

दुसरे म्हणजे ही मालिका विनोदी आहे या समजुतीने पाहू नये. जानेवारी २०२४ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचे एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचे मानाचे पारितोषिक, मिळाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसऱ्या पर्वाला अकरा एमी मिळाले, तेही विनोदी गटात. त्यावर अमेरिकेत पुष्कळ वाद झाला आणि तो रास्त होता.

नेपरव्हिलकर:

मितभाषी यांचे म्हणणे पहिल्या तीन भागांपुरते मान्य आहे, पण पुढे नाही. ‘फिशेस’च्या लगेच पुढचा ‘फोर्क्स’ हा भाग घ्या (किंचित रसभंग). रिचीला एका उंची रेस्टॉरंटात शिकायला पाठवतात आणि तो दिवसचे दिवस काटे पुसत बसतो. एका टेबलावरचे पाहुणे शिकागो सोडून चालले आहेत आणि शिकागोचा जाडजूड डीप-डिश पिझ्झा मात्र खायचा राहिला, हे कानावर येताच रिची धावत जाऊन ‘पिक्वॉड्स’मधून तो पिझ्झा आणतो, मग तिथला शेफ त्यातून नेटका गोल तुकडा कापून, वर तुळशीच्या जातीतली इवलीशी पाने ठेवून, तो त्या महागड्या ताटलीत सजवतो. ‘पिक्वॉड्स’ हे गल्लीतले, कडेला चीज जळून काळसर कुरकुरीत होणाऱ्या पिझ्झ्यासाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण आहे हे माहीत नसेल, तर हा प्रसंग नुसता गोड वाटतो. माहीत असेल तर दिसते की, ज्या रिचीला पहिल्या पर्वभर उंची जेवणाचा तिटकारा होता त्याच्याच रस्त्यावरच्या ज्ञानाला त्या उंची खोलीत पहिल्यांदा किंमत मिळाली. जाता जाता सांगतो, १९४३ पासून प्रसिद्ध असलेला हा जाडजूड पिझ्झा पाहुण्यांना खिलवायचा. इथले लोक आपसात बहुधा चौकोनी कापलेला पातळ पिझ्झा खातात.

विनोदाबद्दल मात्र मी मितभाषी यांच्याशी सहमत आहे.

भटारखाना:

शाकाहारी ज्येष्ठांसोबत पाहण्याबद्दल कोणी सविस्तर लिहिलेले नाही. पहिले पर्व मांस कापण्या-भाजण्याने भरलेले आहे आणि शिव्या तर वाक्यागणिक आहेत. त्याला इलाज नाही. मात्र दुसऱ्या पर्वातला ‘हनीड्यू’ हा चौथा भाग निर्धास्तपणे लावावा. मार्कस हा पाव-केक करणारा अबोल मुलगा मिठाया शिकायला कोपनहेगनला जातो, आणि त्या भागात जवळपास कोणीच ओरडत नाही.

अंडे चालत असेल तर नववा भागही थोडासा दाखवावा. गरोदर आणि दमलेल्या नॅटलीसाठी, म्हणजे कार्मीच्या बहिणीसाठी, सिडनी ऑम्लेट करते. ती फेटलेली अंडी गाळणीतून गाळते, लोण्यावर सतत हलवत शिजवते, खालून जराही लाल होऊ देत नाही, मध्ये मऊ बोर्सिन चीजची रेघ ओढून गुंडाळी करते आणि वर चक्क सावर क्रीम-कांद्याच्या चवीचे बटाट्याचे वेफर्स चुरडून टाकते. फ्रेंच पाकशाळेत ऑम्लेट ही हाताची परीक्षा मानतात आणि वेफर्स म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला खाऊ. जे रेस्टॉरंट उभारण्यासाठी सगळे पर्व झगडते आहे त्याची चव कशी असणार, ते या एका ताटलीत दिसते. या मालिकेतला मला सर्वांत आवडलेला पदार्थ हाच.

आडवाट:

‘हनीड्यू’ पुढच्या रविवारी लावते. सासूबाईंनी जार्डिनेराचे वर्णन ऐकून कृती विचारली आहे. त्या अंडेही खात नाहीत, तर मांसाशिवाय ते कशाशी खातात?

नेपरव्हिलकर:

इथे ते पिझ्झ्यावर, पास्त्यात, नुसत्या पावावर, कशावरही घालतात. ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळातल्या शुक्रवारी बीफच्या दुकानांतच ढोबळी मिरची आणि अंड्याचे सँडविच मिळते, त्यावरही ते असते. तुमच्या घरी अंड्याऐवजी पनीर चालेल. कृती अशी आहे. फ्लॉवरचे लहान तुरे, गाजराच्या चकत्या, सेलरीचे तुकडे, ढोबळी मिरची आणि झेपतील तेवढ्या तिखट हिरव्या मिरच्या चिरून मिठाच्या पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. सकाळी धुऊन पूर्ण निथळू द्याव्यात. मग व्हिनेगर, तेल, ओरेगॅनो आणि मिरी एकत्र करून त्यात भाज्या बुडतील अशा भरून दोन दिवस मुरू द्याव्यात. बरणी फ्रिजमध्येच ठेवायची आणि दोन-तीन आठवड्यांत संपवायची, कारण हे आपल्या कैरीच्या लोणच्यासारखे वर्षभर टिकत नाही. तेल सौम्य वासाचे घ्यावे. मोहरीचे किंवा कच्च्या शेंगदाण्याचे नको.